तोकुम्बोची आइसकांडी : दुकान उधारीवर, नाव कोणाचे?

धंदा सुरू करायचा म्हटले की आमच्याकडे पहिला प्रश्न भांडवलाचा निघतो. पैसा कोठून आणायचा, यंत्र कोणते घ्यायचे, गाळा कोठे मिळेल, यावर चहाचे कपावर कप रिकामे होतात. धंदा शिकवणार कोण आणि दुकानाच्या पाटीवरचे नाव कायद्याने कोणाच्या मालकीचे, हे दोन प्रश्न मात्र कोणी काढत नाही. मेक्सिको देशात एक लहानसे गाव आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या गावाने असे दिले की किती तरी खानदाने वर आली. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे राहून गेले, आणि त्याचा भुर्दंड पुढच्या पिढीवर पडला. धंदा कसला, तर आइसकांडीचा. आमच्या व्यापारी बंधूंनी हसण्याआधी पुढचे वाचावे, एवढी विनंती.

गावाचे नाव तोकुम्बो. मेक्सिकोच्या पश्चिम भागात मिचोआकान नावाचे राज्य आहे, त्यात हे गाव. आसपास ऊस, जवळ सांता क्लारा येथे साखर कारखाना. सांगली-कोल्हापूरकडचे एखादे गाव डोळ्यापुढे आणले तरी चालेल. शेत आणि कारखाना यांपलीकडे रोजगार असा नव्हता. आज त्या गावाच्या वेशीवर एका प्रचंड आइसकांडीचे शिल्प उभे आहे. ज्या धंद्याने पोट भरले त्याचा पुतळा वेशीवर उभारणारे गाव आम्ही दुसरे ऐकलेले नाही. आमच्याकडे बाप फेरीवाला होता हे सांगायला मुलगा कचरतो.

१९४० च्या दशकात या गावातले इग्नासिओ अल्कासार आणि आगुस्तिन आन्द्रादे हे गृहस्थ राजधानी मेक्सिको सिटीत गेले व तेथे त्यांनी आइसकांडीची दुकाने काढली. अल्कासार हे आडनाव मुळात अरबी 'अल-कस्र', म्हणजे गढी किंवा महाल. स्पेनमध्ये मुसलमानांनी कित्येक शतके राज्य केले, त्याची ही खूण स्पॅनिश भाषेबरोबर समुद्रापार गेली. पण हे गृहस्थ काही महालात वाढलेले नव्हते. शाळा फारशी न पाहिलेली ही कष्टकरी माणसे. राजधानी तेव्हा झपाट्याने वाढत होती, खेड्यांतून माणूस लोटत होता आणि थोड्या पैशात जीव गार करणारी वस्तू त्याला हवी होती.

आता खरी गोष्ट. एक दुकान चालायला लागले की ते भावाला, मेहुण्याला किंवा गाववाल्याला देऊन टाकायचे, तेही उधारीवर. आणि स्वतः दुसऱ्या वस्तीत नवे दुकान उघडायचे. घेणारा आधी मालकाच्या हाताखाली राबलेला असायचा. रस किती उकळायचा, साखर किती, साचा कधी काढायचा, उन्हाळ्यात माल किती धरायचा, हे सारे त्याच्या हातात बसलेले. दुकान त्याच्या ताब्यात आले की रोजच्या गल्ल्यातून तो हप्ते फेडायचा. बँक मध्ये नव्हती. जामीन म्हणजे गावातली अब्रू. हप्ता बुडवून जाणार कोठे? आई-बाप त्याच गावात, सोयरीक त्याच गावात. फेडून झाले की तोही आपल्या धाकट्या भावाला हाताखाली घ्यायचा. असे करीत करीत दुकाने हजारोंच्या घरात गेली. आज मेक्सिकोत बहुतेक शहरांत 'ला मिचोआकाना' अशी पाटी दिसते. अर्थ साधा आहे, मिचोआकानवाली. सरहद्दीपलीकडे अमेरिकेत, जेथे मेक्सिकन मजूर गेला तेथे ही पाटीही गेली.

ही एक कंपनी आहे असे कोणी समजू नये. मुख्य कचेरी नाही, संचालक मंडळ नाही, कोणी कोणाला स्वामित्वशुल्क देत नाही. प्रत्येक दुकान ज्याचे त्याचे. मुंबईत इराणी हॉटेले आणि उडुपी हॉटेले अशाच रीतीने पसरली, गावाकडचा पोरगा गल्ल्यापर्यंत याच वाटेने पोचला. अमेरिकेत गुजरातच्या पटेल मंडळींनी मोटेले याच पद्धतीने हातात घेतली. ठरलेल्या मुदतीने, ठरलेल्या किमतीला उधारीवर माल विकणे आमच्या फिकहच्या पुस्तकांतही 'बैअ मुअज्जल' या नावाने आहे. तेव्हा ही वाट आम्हांला अनोळखी नाही. आम्ही ती सोडून दिली, एवढेच.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. आमच्या कापड बाजारात साठीला आलेले कितीतरी दुकानदार असे आहेत, ज्यांचा मुलगा आखातात नोकरीला गेला आणि परत गल्ल्यावर बसणार नाही. वीस वर्षे हाताखाली राबलेला गुमास्ता मात्र समोर उभा आहे. त्याला गिऱ्हाईक ठाऊक, माल ठाऊक, उधारी कोणाची बुडते तेही ठाऊक. तरीही मालक दुकान बंद करून गाळा भाड्याने देतो, पण त्या गुमास्त्याला हप्त्याने देत नाही. कारण विचारले तर म्हणतात, भरवसा कोणाचा. वीस वर्षे तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती दिली त्याचा भरवसा नसेल, तर मग कोणाचा ठेवायचा? तोकुम्बोच्या माणसांकडे आमच्यापेक्षा पैसा कमीच होता.

असो. आता माल पाहू, कारण नुसत्या भरवशावर दुकान चालत नाही. या कांडीला तेथे 'पालेता' म्हणतात आणि दुकानाला 'पालेतेरिया'. प्रकार दोन. एक पाण्याचा, म्हणजे फळांचा रस, पाणी व साखर. लिंबू, पेरू, आंबा, चिंच, कलिंगड, काकडीसुद्धा. दुसरा दुधाचा. त्यात नारळ, अक्रोडाच्या जातीचा पेकान मेवा, स्ट्रॉबेरी, दालचिनी घातलेला भात. दुधाची पालेता ही आमच्या कुल्फीची चुलत बहीणच. चांगल्या दुकानाची ओळख अशी की कांडीत फळाचे तुकडे डोळ्यांना दिसतात.

यंत्र म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी. साधे पाणी शून्य अंशाला गोठते, पण त्यात शेकडा तेवीस भाग मीठ असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत पातळच राहते. अशा पाण्यात पोलादी साचे उभे ठेवायचे, साच्यात रस ओतायचा, काड्या लावायच्या. गोठल्यावर साचा क्षणभर साध्या पाण्यात बुडवला की कांड्या सुटतात. गोठणे जितके लवकर, तितका बर्फाचा कण बारीक आणि कांडी जिभेला मऊ. साखर कमी पडली तर दगड होतो, जास्त झाली तर कांडी धड गोठतच नाही. घरच्या फ्रीजमध्ये ती सावकाश गोठते आणि कण जाड पडतो. म्हणून ज्याच्याकडे टाकी नाही त्याने दुधाच्या प्रकारापासून सुरुवात करावी. दुधातली साय कणाला आवरून धरते. पाण्याच्या कांडीत मात्र कसूर लपत नाही.

हिशेबात एक गोष्ट कापडवाल्याच्या लक्षात लगेच येते. आमचा उरलेला माल पुढच्या ईदला निघतो, फार तर रंग जुना म्हणून भाव पाडून जातो. येथे एक रात्र वीज गेली तर सकाळी सगळी कमाई नाल्यात. म्हणून नव्या माणसाने सजावटीवर खर्च करण्याआधी विजेची दुसरी सोय करावी. खरेदीत फायदा आहे. बाजारात जे फळ फार पिकले म्हणून स्वस्त होते, तेच रसाला उत्तम. हंगामात गर काढून गोठवून ठेवला तर वर्षभर पुरतो. तीच फळे, तीच साखर आणि तेच हात वापरून 'आग्वा फ्रेस्का' म्हणजे थंड सरबतही विकता येते. तेथे 'हामाइका' नावाचे लालभडक सरबत घरोघरी पितात. ते होते आमच्या लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांपासून. आम्ही भाजी करून खातो, बोंडे बहुधा वाया घालवतो.

फळांचे हे नातेगोते पाहिले की तिजारतीची ताकद कळते. चिंचेला तेथे 'तामारिन्दो' म्हणतात, मूळ अरबी 'तम्र हिन्दी', हिंदुस्थानची खजूर. आंबाही मुळात आमच्याच बाजूचा. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे फिलिपिन्समधील मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को या बंदरांत स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. तेथल्या एका लोकप्रिय आंब्याला आजही 'मनिला' हेच नाव आहे. उलट दिशेने पेरू, पपई, सीताफळ, मिरची अमेरिका खंडातून आमच्याकडे आली. डहाणू-घोलवडचा चिकू तर नावासकट मेक्सिकोचा. तेथे त्याला 'चिकोसापोते' म्हणतात. कैरीला तिखटमीठ लावून खाणे ही फक्त आमची चैन आहे असे वाटत असेल तर तेही खोटे. मेक्सिकन माणूस आंब्याच्या बर्फावर लाल तिखट, लिंबू आणि 'चामोय' नावाची खारट-आंबट-तिखट चटणी ओततो आणि वर चिंचेची कांडी खोचतो. तरुण गिऱ्हाईक यावर तुटून पडते.

पण ऊन वर्षभर नसते. तेथे मार्च ते मे हा खरा उन्हाळा, जूनपासून पाऊस, आणि डिसेंबर-जानेवारीत धंदा मंदावतो. तोकुम्बोची मंडळी नाताळच्या सुमारास गावी परततात, त्याचे एक कारण हेच. ज्याला गावी जाऊन बसणे परवडत नाही, त्याने त्याच दुकानात मिठाईचा कट्टा ठेवावा, असे आमचे मत आहे. मिठाई वितळत नाही आणि वीज मागत नाही. मेक्सिकोची जुनी मिठाई आमच्या हलवायाला परकी वाटणार नाही. शेंगदाण्याची 'पालांकेता' ही सरळ चिक्की. 'आलेग्रिया' म्हणजे राजगिऱ्याची वडी, आणि या नावाचा अर्थ आनंद. राजगिरा मुळात त्याच मुलखातला, आणि मेक्सिको सिटीच्या हद्दीतल्या तुल्येउआल्को गावाची या वडीसाठी ख्याती आहे. सेलाया शहराची 'काहेता' म्हणजे बकरीचे दूध साखर घालून तासन्‌तास आटवायचे, तांबूस आणि घट्ट होईपर्यंत. मोरेलियात पेरूच्या गराची वडी होते, तिला 'आते' म्हणतात. त्या शहरात मिठाईचा वेगळा बाजार आहे. राजधानीत 'दुल्सेरिया दे सेलाया' नावाचे मिठाईचे दुकान १८७४ पासून चालू आहे.

१ आणि २ नोव्हेंबरला तेथे मृतांचा सण असतो. त्याला साखरेच्या कवट्या आणि प्राण्यांची चित्रे करतात. त्या साखरकामाला 'आल्फेन्यिके' म्हणतात. शब्द अरबी 'अल-फानीद', त्याआधी फारसी 'पानीद', आणि त्याच्याही मुळाशी संस्कृतातले 'फाणित', म्हणजे काकवी. हिंदुस्थानचा शब्द इराण, अरबस्तान, स्पेन असा फिरत मेक्सिकोच्या मिठाईवाल्याकडे पोचला. सांगायचे ते हे की हा सण आणि डिसेंबरचे सण धरून मिठाईवाला थंडीचे दिवस काढतो, नेमके तेव्हा जेव्हा बर्फवाला रिकामा असतो.

आमच्या वाचकांपैकी कोणी अमेरिकेत वा मेक्सिकोत असेल तर त्याच्यासाठी खाण्यापिण्याची सावधगिरी. 'मान्तेका' म्हटले की ती बहुधा डुकराची चरबी. कोरड्या खुसखुशीत मिठाईत ती हटकून विचारावी. 'रोम्पोपे' या स्वादात दारू असते. मऊ, लवचीक गोळ्यांत जिलेटिन असते, ते कोणत्या जनावराचे हे वेष्टणावर लिहिलेले असतेच असे नाही. साध्या फळांच्या कांडीत यातले काही नसते. लाल रंगाबद्दल मात्र कापडवाल्याला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून निघणारा लाल रंग मेक्सिकोतून जगभर गेला आणि रेशीम-लोकरीच्या रंगाऱ्यांनी त्यावर पैसा केला. तोच रंग आज ई १२० या क्रमांकाने खाद्यपदार्थांत घालतात. कापडाला उत्तम. पोटात जाण्याविषयी आपापल्या उलेमांना विचारावे.

सरकारी कागद तेथेही सुटलेले नाहीत. कर खात्याकडे नोंद, आरोग्य खात्याला दुकान चालू केल्याची सूचना. २०२२ पासून वर्षाला ३५ लाख पेसोंपर्यंत उत्पन्न असलेल्या लहान माणसाला सोपी करपद्धत आहे. दर शेकडा १ ते २.५, आणि तो उलाढालीवर, नफ्यावर नव्हे. २०१४ पासून १०० ग्रॅमला २७५ किलोकॅलरी वा अधिक असलेल्या मिठाई-खाऊवर शेकडा ८ वेगळा कर आहे. पाण्याची कांडी त्यात बसत नाही, काहेता बसते. २०२० पासून साखर जास्त असलेल्या बंद पाकिटावर काळा अष्टकोनी इशारा छापावा लागतो. मार्च २०२५ पासून शाळांच्या आवारात असा खाऊ विकायला बंदी आहे. तेव्हा शाळेच्या उपाहारगृहावर हिशेब मांडून कोणी हा धंदा आज सुरू करू नये. साखर कमी आणि फळ जास्त, ही वाट लहान दुकानदाराला सोयीची आहे, कारण मोठ्या कंपनीला फळ महाग पडते आणि रंग स्वस्त.

आता नावाचे. सगळ्यांचे म्हणून 'ला मिचोआकाना' हे नाव कोणाचेच राहिले नाही. ज्याला वाटले त्याने पाटी लावली. तोकुम्बोचा माणूस ताज्या फळाची कांडी विकतो, शेजारी कोणी भलताच मनुष्य रंगीत गोड पाणी गोठवून त्याच नावाने विकतो, आणि गिऱ्हाईक दोघांना एकच समजते. वाईट माल एकाने विकला की शिव्या सर्वांना. पुढे धंदा अमेरिकेत वाढला, कारखाने झाले, पाकिटबंद माल मोठ्या दुकानांत जाऊ लागला, तेव्हा नावाला किंमत आली. मग तोकुम्बोचे नाव लावणारी एक मेक्सिकन कंपनी आणि कॅलिफोर्नियातली दुसरी कंपनी यांच्यात वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात खटला उभा राहिला. वाद हे नाव आणि पारंपरिक पोशाखातली, हातात कांडी धरलेली मुलगी, या चित्रावरून. वर्षानुवर्षे वकील पोसले गेले. २०१६ साली निकाल लागला, तरी त्यावर अपील झालेच. हप्ता जुबानीवर फेडणाऱ्यांच्या धंद्याला, त्यांच्या पश्चात हे पाहावे लागले.

जुबान आपापसांत चालते, परक्यापुढे कागद लागतो. कापडातली छाप आम्हांला ठाऊक आहे. एका पेढीच्या लुंगीवर गिऱ्हाईक डोळे मिटून विश्वास टाकते आणि दुसऱ्या महिन्यात तसाच शिक्का मारलेला हलका माल बाजारात येतो. म्हणून नव्या माणसाने 'ला मिचोआकाना' ही पाटी लावण्याचा मोह टाळावा. पहिले सहा महिने त्या नावाने गिऱ्हाईक येईल, पुढे ते नाव ना विकता येते ना मुलाला देता येते. दुकान हप्त्याने घेतले तर करारात पाटीचे नाव मिळते की फक्त साचे आणि टाकी, हे लिहून घ्यावे. मेक्सिकोत नावाची नोंदणी औद्योगिक मालमत्ता संस्थेकडे होते. आइसकांडी आणि मिठाई दोन्ही ३० व्या वर्गात येतात, म्हणून एकाच वर्गात दोन्ही माल बसतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. पण तिसरे वर्ष पुरे झाल्यावर तीन महिन्यांच्या आत नाव प्रत्यक्ष वापरात असल्याचे जाहीर करावे लागते, नाही तर नोंदणी जाते. आमच्याकडेही वर्ग तोच आणि मुदत दहा वर्षांचीच. अर्ज पाटी रंगवायला टाकण्याआधी करावा, नंतर नव्हे.